दाढेतल्या तारखा

ओवीने तोंड उघडावं म्हणून डॉ. कुमुद ठोसरने आधी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं, मग टेबलावरच्या कापडी गाढवाचं. ओवी दोघांकडेही संशयाने बघत राहिली. शेवटी बेबीताई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि पोरीने एवढा मोठा आ केला की पडजीभ दिसली.

"काय सांगितलंत हो?" कुमुदने विचारलं.

"म्हटलं, मॅडमचे दात किडले हायेत. तुह्ये चांगले हायेत का, थे दाखव त्यायले."

कुमुद हसली. पेनाएवढी कांडी तिने ओवीच्या गालात सरकवली. चाळीस सेकंद. कांडी टिकटिकली, भिंतीवरच्या पडद्यावर एक करडी, रेषारेषांची पट्टी उमटली आणि कुमुदचं हसू तसंच ओठांवर राहून गेलं.

अमरावतीच्या पाखर शिशुगृहाची ती बारा वर्षं वैद्यकीय सल्लागार होती. बालरोगतज्ज्ञ म्हणून तिचा स्वतःचा दवाखाना होता, पण दर मंगळवारी सकाळ शिशुगृहाची. टाकून दिलेल्या बाळांना तपासायचं, दत्तक जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा अहवाल लिहायचा, मूल ज्या घरी जाणार त्या घरालाही काय सांभाळावं लागेल ते समजावून सांगायचं. बेबीताई खंडारे शिशुगृहाच्या पालक-आई होत्या. आठ महिन्यांची ओवी त्यांच्याकडे तात्पुरती म्हणून आली आणि तीन वर्षं राहिली. आता बेबीताई आणि त्यांचे यजमान प्रल्हाद यांनी तिला कायमची दत्तक मागितली होती. बाकी सगळे कागद झाले होते. फक्त कुमुदची शिफारस उरली होती, आणि शिफारशीआधी दंतलेख सक्तीचा होता.

दंतलेख म्हणजे काय, ते एकदा नीट सांगायला हवं. दाताचं वरचं कवच एकदम तयार होत नाही. जबड्याच्या आत, हिरडीखाली, ते रोज एक अतिसूक्ष्म थर या हिशेबाने साचतं. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं, तशी दातात दिवसाला एक रेषा. जन्म हा शरीराला एवढा मोठा हादरा असतो की त्या दिवशीची रेघ ठळक उमटते. ती शून्य रेघ. तिथून पुढे मोजत गेलं की मुलाचा प्रत्येक दिवस सापडतो. मूल तापाने फणफणलं, उपाशी राहिलं, भेदरलं, की कवच बनवणाऱ्या पेशींचं काम बिघडतं आणि त्या दिवसाची रेघ काळपट, खोल होते. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमाराला साचायला लागते आणि तीन वर्षांपर्यंत साचत राहते, उगवते मात्र सहाव्या वर्षी. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या जबड्यात त्याच्या पहिल्या तीन वर्षांची रोजनिशी लिहून तयार असते. पूर्वी ती वाचायला दात पडायची वाट बघावी लागे, मग तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे. क्ष-किरणांचा स्रोत कांडीत मावण्याएवढा लहान झाला आणि ती वाट बघणं संपलं.

रेघ कोणत्या दिवसाची ते कळतं. ती कशामुळे पडली ते दातात लिहिलेलं नसतं. ते ठरवायचं काम दत्तक पोर्टलने एका प्रणालीला दिलं होतं. ही प्रणाली हजारो मुलांच्या रेघा बघून शिकलेली होती. पालक-घरांतल्या मारहाणीची काही प्रकरणं बाहेर आल्यावर नियम कडक झाला: मूल ज्या घराच्या ताब्यात असताना शंभरपैकी साठ अंशांहून खोल रेघ पडली असेल, त्या घराचा अर्ज आपोआप बंद. तो उघडायचा अधिकार एकाच माणसाला, वैद्यकीय सल्लागाराला. तीस दिवसांत, पुराव्यासकट कारण देऊन.

ओवीच्या पट्टीवर दोन खोल रेघा होत्या. एक छप्पन्नाव्या दिवशी. तेव्हा ती शिशुगृहातच होती. कुमुदने त्यापुढे 'बहुधा जंतुसंसर्ग' असं नोंदवलं. दुसरी रेघ म्हणजे एक जाड पट्टाच होता, दिवस चारशे तीस ते चारशे एकावन्न, खोली अठ्ठ्याऐंशी. खाली पोर्टलने तारखा मांडल्या होत्या, सहा मे ते सत्तावीस मे. आणि शेजारी, 'ताब्यातील घरात हेळसांड वा मारहाण: शक्यता ८१ टक्के'.

अठ्ठ्याऐंशी अंशांची रेघ कुमुदने आजवर दोनदाच पाहिली होती. त्यातलं एक मूल जळालेलं होतं.

"बेबीताई, अडीच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काय झालं होतं?"

"मे मंदी? ऊन होतं जी. अमरावतीत मे मंदी दुसरं काय होते?"

"ओवी आजारी होती का? ताप, जुलाब?"

"नाई."

"कुठून पडली?"

"नवी नवी चालायले लागली होती, त दिवसातून धा वेळा पडे. पन तसं नाई." बेबीताईंच्या लक्षात आता पडद्यावरचा काळा पट्टा आला होता. "त्याच्या आंधी, चैत्रात, थे पुन्याचे लोक तिले पाहाले येनार होते तवा तुमीच तिले इकडं आनून ठेवली होती. थ्या वक्ती घरी आली त रोडावली होती पोरगी. माह्या अंगालेच येत नव्हती."

"ते नाही हो. मी मेचं विचारतेय. सहा ते सत्तावीस."

बेबीताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग बोटं मिटून घेतली.

"मे मंदी मी नव्हती घरी," त्या म्हणाल्या. "नागपूरले बहिनीचं बाळंतपन होतं. टाके पिकले तिचे. अठरा दिवस रायली मी तिकडं."

"मग ओवी?"

"यायच्यापाशी होती." त्यांनी यजमानांचं नाव घेतलं नाही. "यायनंच सांभाळली."

ओवी गाढवाच्या तोंडात बोट घालून त्याचे दात शोधत होती.

*

गृहभेटीला कुमुद गुरुवारी गेली. दोन खोल्यांचं घर, दारात संत्र्याच्या रिकाम्या पेट्या. प्रल्हाद खंडारे व्यापाऱ्यांची संत्री वाहणारा पिकअप चालवायचे. उंच माणूस, खिडकीबाहेरचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा. ते ओवीसोबत अंगणात बसून फळं निवडत होते. ओवी एकेक संत्रं कानाशी नेऊन हलवायची आणि "हे खराब," म्हणून फेकायची. फेकलेली सगळी चांगली होती.

"व्यापाऱ्याले कंगाल करते हे पोरगी," ते म्हणाले. "या मॅडम, बसा."

कुमुदने मे महिन्याबद्दल विचारलं, तसे ते खुलले.

"अठरा दिवस मीच आई होतो, मॅडम! गाडीतच फिरवो तिले. शीटवर उशी बांधली होती. मोर्शी, वरूड, आठनेर, समदं पाह्यलं तिनं. धाब्यावरचे लोक म्हनत, प्रल्हादभाऊ, क्लीनर लहान ठेवला."

"रडायची का?"

"पयले दोन दिवस. मंग मी हॉर्न वाजवला का खुदखुद हासे."

कुमुदने पुढचा प्रश्न शक्य तितक्या साध्या आवाजात विचारला. असे प्रश्न विचारायची तिला सवय होती. "त्या दिवसांत कधी रागाच्या भरात हात उचलला गेला? एखाद वेळी?"

प्रल्हाद हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. आपल्यासोबत हसायला म्हणून त्यांनी दाराकडे, बायकोकडे पाहिलं. बेबीताई उंबऱ्याशी उभ्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या.

"बेबी?" प्रल्हाद म्हणाले. "तू सांग ना मॅडमले."

"मी नव्हती ना घरी," बेबीताई म्हणाल्या.

अंगणात ओवीचं चाललंच होतं. "हे खराब. हे पन खराब."

पुढच्या मंगळवारी बेबीताई एकट्या आल्या आणि तपासणीच्या खोलीत उभ्याच राहिल्या.

"गेले थे," त्या म्हणाल्या. "वरूडले. संत्र्याच्या शेडवरच रायतो म्हनाले. मी फकस्त इचारलं, मॅडम. म्हटलं, माह्या डोक्यावर हात ठेवून सांगा. त्यायनं हात ठेवला नाई. कपडे भरले अन् गेले."

"हात ठेवला नाही?" कुमुदने विचारलं, आणि त्या प्रश्नात आपला निकाल केव्हाच लागून गेलाय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

*

तरी तीस दिवस होते, आणि नियमाप्रमाणे वैद्यकीय कारण शोधणं तिचं काम होतं. कुमुदने ओवीची सगळी कागदपत्रं मागवली. लसींच्या नोंदी, वजनाचे तक्ते, शिशुगृहाच्या आयांनी लिहिलेल्या दुधाच्या वह्या. मे महिन्यात काहीच नव्हतं. मग ती उगाचच मागे गेली, अगदी पहिल्या पानापर्यंत. कौसल्या आयाचं बसकं, तिरपं अक्षर होतं.

'२० मार्च. भाजी बाजाराच्या मागं सापडलेलं बाळ आलं. मुलगी. वजन २ किलो ८००. बाटलीनं दूध घेतलं. ओकली नाही. तोंडाकडं पाहून हासते.'

तिने पान उलटलं. मग परत मागे आणलं.

ओवीची जन्मतारीख कुमुदनेच लिहिली होती, दोन मार्च. टाकलेल्या बाळाची जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. ती ठरवायचा अधिकार डॉक्टरला असतो. दोन मार्चच्या हिशेबाने वीस मार्चला ओवी अठरा दिवसांची होती. अठरा दिवसांचं मूल झोपेत ओठ वाकडे करतं, पण माणसाच्या तोंडाकडे बघून हसत नाही. ते हसू सहा आठवड्यांनंतर येतं. वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असणारा पोरगाही हे सांगेल.

मग तिने दोन मार्च का लिहिलं?

का, ते कुमुदला माहीत होतं. ओवीबद्दल वेगळं काही आठवत नव्हतं, कारण आठवावं असं वेगळं काही तिने केलंच नव्हतं. ती नेहमी हेच करायची. दोन महिन्यांचं बाळ पावणेतीन किलोचं असेल तर तक्त्यावर ते तळाच्या रेषेच्याही खाली जातं. मग पोर्टलवर 'विशेष गरजा' असा शेरा पडतो आणि ते पान देशात कुणी उघडतसुद्धा नाही. तेच बाळ अठरा दिवसांचं म्हटलं की वजन बेताचं, डोक्याचा घेर बेताचा, सगळं बेताचं. सहा महिन्यांत दूध पिऊन ते भरूनही निघायचं. डॉक्टरच्या पेनाने महिनाभर लहान झालेली कितीतरी मुलं आज कुठल्या कुठल्या शाळांत पळत होती. कुमुदने याला कधी खोटं म्हटलं नव्हतं. अंदाज म्हटलं होतं.

तिने कागदाच्या पाठीवर आकडे मांडले. दाढ शून्य रेघेपासून मोजते, तिला कुणाच्या अंदाजाशी देणंघेणं नाही. पण दिवसाची तारीख करायला पोर्टल जन्मतारीख वापरतं. कुमुदने लिहिलेली. छप्पन्नावा दिवस त्यामुळे सत्तावीस एप्रिलवर पडला होता आणि तिने जंतुसंसर्ग लिहून तो मिटवला होता. समजा छप्पन्नावा दिवस म्हणजेच वीस मार्च असेल? भाजी बाजाराचा दिवस? मग जन्म तेवीस जानेवारीचा. फरक अडतीस दिवसांचा.

आता तोच फरक दुसऱ्या पट्ट्याला लावायचा. सहा मेमधून अडतीस वजा. सत्तावीस मेमधून अडतीस वजा.

एकोणतीस मार्च ते एकोणीस एप्रिल.

चैत्र.

त्या एकवीस दिवसांत ओवी इथेच, शिशुगृहात होती. पुण्याचं एक जोडपं तिला बघायला आणि न्यायला येणार होतं, आणि मूल नव्या आईबापांना सोपवण्यापूर्वी तीन आठवडे पालक-आईपासून पूर्ण तोडायचं, भेट नाही, फोन नाही, ओळखीचं कापडसुद्धा नाही, म्हणजे ते नवं माणूस लवकर धरतं, असा पाखरचा नियम होता. त्याला सगळे 'विलग काळ' म्हणत. शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या लोकांनी विचार बदलला आणि ओवी बेबीताईंकडे परत गेली. पोर्टलवर विलग काळासाठी रकानाच नव्हता, म्हणून ताबा कागदावर बेबीताईंचाच राहिला होता.

नियम कुमुदने केला होता. नऊ वर्षांपूर्वी, एक शोधनिबंध वाचून, बैठकीत भाषण करून.

तिने पट्टी पुन्हा पडद्यावर घेतली आणि खऱ्या मे महिन्याशी जाऊन थांबली. प्रल्हादकडचे अठरा दिवस. रेषा एकसारख्या, बारीक, हलक्या, शाळेतल्या कोऱ्या वहीसारख्या. ओवीच्या तीन वर्षांत एवढा निर्वेध तुकडा दुसरा नव्हता.

*

"हे तुम्ही लिहून देणार?" अधीक्षिका बारब्देमॅडमनी विचारलं. पस्तीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंच्या चेहऱ्यावर सहसा काही दिसत नसे. आज दिसत होतं.

"हो."

"डॉक्टर, अहो, कशासाठी? गोवर लिहा. डेंगी लिहा. तुमच्याच दवाखान्याचा एक जुना केसपेपर जोडा, कुलूप उघडेल. पोरगी बेबीकडे राहील, विषय संपला."

"आणि प्रल्हाद?"

"नवराबायकोचं ते बघतील."

"बेबीताई जन्मभर त्यांच्या हाताकडे बघत राहतील, मॅडम. गोवर होता म्हटलं तरी. तो गोवर खोटा आहे हे त्यांना माहीत असणार ना."

बारब्देमॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकीची तारीख बदलली की सगळ्यांच्या तपासतील. दोनशे पोरं आहेत तुमच्या सहीची. तुम्ही लहान केलीत म्हणून ती गेली इथून. नाहीतर या व्हरांड्यातच म्हातारी झाली असती. मी पाहिलंय तसं. तुमच्या आधीचे डॉक्टर फार प्रामाणिक होते."

बाईंचं खरं होतं. कुमुदचं अहवालपत्रही खरं होतं. तिने ते त्याच दुपारी पाठवलं.

दत्तक समितीची बैठक वीस मिनिटांत आटोपली. पाच माणसं, मध्ये एक निवृत्त न्यायाधीश. आयांच्या वहीची प्रत, दोन रेघांचा हिशेब, विलग काळाचा ठराव, सगळं त्यांनी शांतपणे वाचलं. ओवीची जन्मतारीख दुरुस्त झाली. बेबीताईंच्या अर्जावरचं कुलूप निघालं.

"आता हे," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "तुमच्या तारखांवरून जिल्ह्यातल्या आणखी दोन पालक-आयांचे अर्ज बंद झाले होते. प्रणालीने काल फेरमोजणी केली. दोन्ही रेघा शिशुगृहातल्या निघाल्या."

"ती मुलं?"

"एक कोचीनला आहे, दत्तक. एक देशाबाहेर. आदेश अंतिम आहेत." त्यांनी आवाज चढवला नाही. "सोमवारी चौकशी सुरू होते, डॉक्टर. सोमवारपासून तुमची सही गोठवली जाईल. खंडारेंचं एक पत्र राहिलंय. पती-पत्नी एकत्र राहतात असं संयुक्त निवेदन, सल्लागाराच्या साक्षीने. ते शनिवारपर्यंत आलं तर ठीक. नाहीतर नवा सल्लागार नेमेपर्यंत मुलगी संस्थेत परत आणावी लागेल."

*

शुक्रवारी सकाळी कुमुदच्या गाडीतून तिघी वरूडला निघाल्या. मोर्शी आल्यावर बेबीताई म्हणाल्या, "तुमीच सांगा त्यायले. माह्यानं नाई होत."

आंबिया बहाराच्या तोडणीचे दिवस होते. शेडमध्ये संत्र्यांचे डोंगर लागले होते आणि हवेत सालीचा तिखट वास होता. ओवीने पिकअप लांबूनच ओळखला. "बाबा!" म्हणत ती मधल्या बायकांच्या पायांतून पळत गेली आणि प्रल्हादनी तिला उचलून मागच्या फळीवर बसवलं. त्यांची दाढी वाढली होती. कुमुदला त्यांनी नमस्कार केला. बायकोकडे पाहिलं नाही.

कुमुदने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तारीख कुणी चुकवली, नियम कुणी केला, रेघ कुठे पडली. मग छापून आणलेली पट्टी उलगडली आणि बोट ठेवलं. "हे तुमच्याकडचे अठरा दिवस. एकही रेघ नाही. तिच्या सगळ्या आयुष्यात यापेक्षा सुखाचे दिवस या दाढेत नाहीत, प्रल्हादभाऊ."

प्रल्हादनी कागद हातात घेतला.

"म्हंजे मशीन म्हनते, मी चांगला."

"हो."

"आता म्हनते."

बेबीताई पुढे आल्या. "मी चुकली जी. मशीनच चुकली होती त मी..."

"मशीन तारखेनं चुकली," प्रल्हाद म्हणाले. "तू कायनं चुकली?"

शेडमध्ये कुणीतरी पेटीला खिळे ठोकत होतं. बेबीताईंनी तोंडात पदर कोंबला. कुमुदला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं, सल्ला द्यायला हवा. बारा वर्षं तिने माणसांना हाच सल्ला दिला होता, की मूल घरात येण्याआधी घराने एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकावं.

"निवेदनावर दोघांची सही लागेल," तिने शेवटी सांगितलं. "एकत्र राहता म्हणून. तुम्ही परत येणार असाल तरच..."

"कुठं हाये कागद?"

त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पेन बायकोकडे न देता बॉनेटवरच ठेवलं. बेबीताईंनी ते उचलून खाली आपली सही केली.

"पोरगी तिच्यापाशीच रायली पायजे," ते कुमुदला म्हणाले. "आई थेच हाये तिची. मी येत जाईन कवा कवा. करा सही, मॅडम. तुमाले येते."

टोमणा त्यांनी हळू आवाजात मारला, बहुधा ओवीला ऐकू जाऊ नये म्हणून.

साक्षीदाराच्या जागी वाक्य आधीच छापलेलं होतं: 'वरील पती-पत्नी एकत्र राहतात हे मी स्वतः पाहून खात्री केली आहे.' एका मुलीसाठी, चांगल्या हेतूने, आणखी एक वाक्य. सोमवारी चौकशीत तिला शपथेवर बोलायचं होतं, आणि त्यात हा कागदही असणार होता. समोर ओवी फळीवर पाय हलवत बसली होती. प्रल्हाद तिला संत्रं सोलून देत होते, प्रत्येक फोडीची शीर काढून. बेबीताई दोन पावलांवर उभ्या होत्या. संस्थेत ओवीला कोणत्या खोलीत ठेवतील, तिथे तिला कुणाचा हात धरता येणार नाही, हे कुमुदपेक्षा नीट कुणाला माहीत होतं?

तिने सही केली.

मग प्रल्हादना हाक आली. माल भरून झाला होता. त्यांनी ओवीला खाली उतरवलं, तिच्या केसांतून एकदा हात फिरवला आणि गाडी सुरू केली. ओवी पिकअपमागे चार पावलं धावली आणि थांबली. पिकअप फाटकातून वळून परतवाड्याच्या रस्त्याला लागला. ती रडली नाही. फाटकाकडे बघत उभी राहिली. मुठीत दोन फोडी होत्या, त्यांचा रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

पहिल्या दाढेचं लिहिणं तिसऱ्या वर्षीच संपतं. पण तिच्या मागे, जबड्यात आणखी खोल, दुसरी दाढ याच वयात साचायला लागते. आजचा थर आज पडणार होता. कुठलीही सही त्यावर चालणार नव्हती.

बेबीताईंनी ओवीला कडेवर घेतलं. पोरीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं नाही, ती तशीच ताठ राहिली, मान फाटकाकडे वळवून.

"रडली नाई," बेबीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते, आणि आवाजात थोडी आशा होती. "चांगलं हाये ना, मॅडम?"

"नाही, बेबीताई," कुमुद म्हणाली. "चांगलं नाही."